पेटी मोठी नको, माप खरे हवे

कापडाच्या व्यापाऱ्याने नट-बोल्टावर आणि पान्यांवर लिहावे, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. आमचे सारे आयुष्य थाने उलगडण्यात आणि मीटरने कापड मोजण्यात गेले. परंतु ज्याच्या हातात माप आहे तो प्रत्येक माणूस एकाच बिरादरीचा असतो, मग तो कापड मोजो की नट. शिवाय आज आपल्या परभणी जिल्ह्यात, शहरात तर सोडाच, पाथरी, सेलू, जिंतूर, मानवत, पूर्णा अशा ठिकाणीही मध्यम घरांच्या दारात जुनी-नवी चारचाकी उभी दिसते. घरी गाडीची लहानसहान कामे करावीत म्हणून लोक पान्यांची पेटी विकत घेतात. ही पेटी कशी घ्यावी याबद्दल कोणी काही सांगत नाही. आम्हालाही कोणी सांगितले नव्हते. त्याची किंमत आम्ही जवळजवळ जिवाने मोजली असती, म्हणून हे लिहीत आहोत.

झाले असे की, गेल्या हिवाळ्यात आम्ही एक चकचकीत पेटी घेतली. आत शंभराहून अधिक नग, किंमत हजाराच्या आत. घरी आणून मोठ्या हौसेने मुलासह गाडीचे एक चाक काढले, स्टेपनी चढवली आणि १९ आकड्याच्या गोटीने चारही नट आवळले. हात घसरत होता, पण आम्हाला वाटले की नट पक्के बसल्यामुळेच घसरतो आहे. दुसऱ्या दिवशी घरच्या मंडळींना घेऊन गंगाखेडला नातेवाइकांकडे गेलो. परतताना रात्री पोखर्णीच्या अलीकडे स्टिअरिंग थरथरू लागले. रस्ता खराब असेल असे म्हणून आम्ही दोन-तीन किलोमीटर तसेच चालवले. शेवटी मुलगा म्हणाला, "अब्बा, थांबा, हे रस्त्याचे नाही." थांबलो. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याने बॅटरी मारून पाहिले. चारपैकी दोन नट बोटांनी फिरत होते आणि चारही नटांचे कोन चावल्यासारखे झाले होते. त्याने आमची गोटी मागवली, नटावर बसवून हलवून पाहिली आणि म्हणाला, "नट न्हाई शेठ, पाना ढिला व्हता तुमचा."

मागच्या सीटवर आमची मुलगी झोपलेली होती. अल्लाहचे शुक्र की चाक निघाले नाही. पण ते वाक्य आमच्या मनातून जात नाही.

इंच, सूत आणि मिलिमीटर

माणसाला वाटते की पाना म्हणजे पाना. नट फिरला म्हणजे झाले. पण नटाचे माप हे कापडाच्या मापासारखे नाही. कापडात एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर ग्राहकाचे काही बिघडत नाही. नटात एक मिलिमीटर म्हणजे एक अख्खा आकडा. १२ ची गोटी वेगळी, १३ ची वेगळी. अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई असली तरी गोटी नटाच्या सपाट बाजूला धरत नाही, फक्त कोनांना धरते, आणि जोर लावला की कोन सोलून निघतात. एकदा नट गोल झाला की तो आवळताही येत नाही आणि उघडताही येत नाही.

आपल्याकडे मापांचा गोंधळ जुनाच आहे. आमच्या घरात वडीलधारी मंडळी गज म्हणत, मराठी ग्राहक वार म्हणत, आणि शाळेत आम्हाला मीटर शिकवला. नऊवारी लुगडे आजही वारावरच ओळखले जाते, मग दुकानातला मीटर काहीही म्हणो. वार ३६ इंचांचा, म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर. मीटर ३९.३७ इंचांचा. देशात १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले आणि ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-मीटर लागू झाले. कागदावर प्रश्न मिटला. बाजारात मात्र दोन्ही मापे बरीच वर्षे शेजारीशेजारी नांदत राहिली.

मोटारींचेही तसेच झाले. अॅम्बॅसेडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिचे बोल्ट इंचाचे. महिंद्राची जुनी जीप ही मूळची अमेरिकेची विलीज, तीही इंचाची. प्रीमियर पद्मिनी ही इटलीची फियाट, म्हणून मिलिमीटरची. १९९० च्या दशकात अॅम्बॅसेडरमध्ये जपानच्या इसुझुचे इंजिन आले, तेव्हा एकाच गाडीत इंजिन मिलिमीटरचे आणि बाकी बरेच काही इंचाचे असा कारभार झाला. त्या काळच्या मिस्त्रींकडे म्हणूनच दोन डबे असत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, पुढे १९९८ मध्ये सँट्रो आणि इंडिका आल्या, आणि हळूहळू सगळा कारभार मिलिमीटरचा झाला. अॅम्बॅसेडर २०१४ मध्ये बंद पडली. आज घरच्या मोटारीसाठी इंचाची गोटी घेण्याचे काहीही कारण उरलेले नाही.

तरीही बाजारातल्या अनेक स्वस्त पेट्यांमध्ये इंचाच्या गोट्या भरलेल्या असतात. का? नगांची संख्या वाढावी म्हणून. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. कोणी म्हणेल, १३ च्या जवळच आहे की. पण अर्ध्या इंचाची गोटी १३ च्या नटावर चढतच नाही, आणि १३ ची गोटी अर्ध्या इंचाच्या नटावर ढिली बसते. पाऊण इंच म्हणजे १९.०५, तेवढे एक माप १९ शी जुळून येते. अशा एखाद्या जुळण्यामुळेच लोकांचा समज होतो की दोन्ही मापे चालतात.

एक गंमत सांगतो. आमच्या धंद्यात सूत म्हणजे धागा. मिस्त्रीच्या धंद्यात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गोटीच्या मागे जो चौकोनी खाचा असतो, ज्यात रॅचेटचा खुंटा बसतो, तो मिलिमीटरच्या पेटीतही इंचावरच मोजला जातो. २ सूत म्हणजे पाव इंच, ३ सूत, ४ सूत म्हणजे अर्धा इंच, आणि मोठ्या गाड्यांसाठी ६ सूत म्हणजे पाऊण इंच. ही फसवणूक नव्हे, साऱ्या जगाचा रिवाज आहे. काही पाकिटांवर तेच माप ६.३, १० किंवा १२.५ मिलिमीटर असे छापलेले असते. ते पाहून घाबरू नये.

जपानी १२ आणि १४, युरोपी १३ आणि १७

आता मुद्द्याची गोष्ट. ही आम्हाला आमच्या मोहल्ल्यातल्या गॅरेजच्या उस्तादांनी समजावली आणि ती प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असायला हवी. मिलिमीटरच्या सगळ्या गाड्यांचे बोल्ट सारखे नसतात. बोल्टाची जाडी तीच, पण डोक्याचे माप देशाच्या रिवाजाप्रमाणे बदलते.

८ मिलिमीटर जाडीचा बोल्ट घ्या. जपानी रिवाजात त्याच्या डोक्याला १२ ची गोटी लागते, युरोपी रिवाजात १३ ची. १० मिलिमीटर जाडीच्या बोल्टाला जपानी रिवाजात १४, जुन्या जर्मन रिवाजात १७ आणि नव्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात १६ ची. १२ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाला जपानी १७, जर्मन १९ आणि आंतरराष्ट्रीय १८. फक्त ६ मिलिमीटरच्या बोल्टाला बहुतेक सगळीकडे १० ची गोटी चालते.

याचा अर्थ असा की ज्याच्याकडे मारुती, टोयोटा, होंडा किंवा ह्युंदाई आहे त्याचे मुख्य आकडे १०, १२, १४ आणि १७. ज्याच्याकडे टाटा किंवा महिंद्रा आहे त्याला बहुतेक ठिकाणी १०, १३ आणि १६ किंवा १७ लागतील. टाटांचे ट्रक १९५४ पासून जर्मनीच्या डेम्लर-बेन्झच्या सहकार्याने बनू लागले होते, तो रिवाज त्या कारखान्यात मुरलेला आहे. म्हणून "आमच्या पेटीत १३ आहे, १२ नसली तरी चालते" असे म्हणणारा दुकानदार मारुतीवाल्याला खड्ड्यात घालतो. आणि मारुतीवाल्या शेजाऱ्याची पेटी पाहून टाटावाल्याने तशीच घेतली तर त्याचीही तीच गत.

चाकाच्या नटांना बहुधा १७, १९ किंवा २१ यांपैकी एक लागते. ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांना २१ लागते. अंदाज करू नये. गाडीबरोबर कंपनीने दिलेला चाकाचा पाना असतो, तोच नटावर लावून पाहावा आणि त्याचे माप पक्के करून घ्यावे. स्पार्क प्लगला जुन्या गाड्यांत २१ ची आणि नंतरच्या पुष्कळ गाड्यांत १६ ची लांब गोटी लागते.

शंभर नगांचा मोह

पोखर्णीहून घरी आल्यावर आम्ही पेटी उघडून हिशेब मांडला. व्यापाऱ्याला हिशेब मांडल्याशिवाय झोप येत नाही. निम्म्याच्या आसपास नग स्क्रूड्रायव्हरच्या टोकांचे निघाले. त्यानंतर अॅलन की. त्यानंतर इंचाच्या गोट्या. त्यानंतर ४, ५, ६ आकड्यांच्या गोट्या, ज्या मोटारीवर क्वचितच लागतात. तीच मापे दोन वेगवेगळ्या खाचांत पुन्हा. आमच्या गाडीला खरोखर लागणाऱ्या गोट्या उरल्या सात. त्यांतली १९ ची तर तुम्हाला ठाऊकच आहे.

आमच्या धंद्यात याला कटपीसचा गठ्ठा म्हणतात. गठ्ठा मोठा दिसतो, भाव स्वस्त वाटतो, घरी नेऊन उलगडले की एकाचाही सदरा होत नाही.

पेटी घेताना आम्ही दुकानदाराला विचारले होते की ही आणि ती महाग पेटी यांत फरक काय. तो म्हणाला, "सगळे सारखेच असते शेठ, नावाचे पैसे." आम्ही ते मान्य केले. आज त्याचा राग येत नाही, लाज वाटते. कारण हे वाक्य आम्ही स्वतः आमच्या काउंटरवर बसून उच्चारले आहे. गिऱ्हाइकाने विचारले की हा पन्हा खरेच ५८ आहे का, धुतल्यावर आटेल का, तेव्हा गर्दीच्या वेळी आम्हीही म्हटले आहे, "सगळे सारखेच असते हो." सगळे सारखे कधीच नसते, हे विकणाऱ्याला पक्के माहीत असते. कुरआनमध्ये मापात कसूर करणाऱ्यांच्या नावाची एक स्वतंत्र सूरह आहे, ८३ वी, अल्-मुतफ्फिफीन. मद्यनच्या लोकांना हजरत शुऐब (अ.) यांनी मापतोलाबद्दलच बजावले होते. आम्ही ते लहानपणापासून वाचत आलो. पण माप कमी देणे म्हणजे फक्त मीटरमध्ये दोन बोटे चोरणे, एवढाच त्याचा अर्थ आम्ही धरून बसलो होतो. १९ लिहून साडेएकोणीसची ढिली गोटी विकणे हेही कमी माप देणेच आहे, आणि "सारखेच असते" म्हणणे हेही.

पेटी कशी पारखावी

आता जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, दुकानात जाताना आपल्या गाडीचा एक-दोन जुने नट-बोल्ट खिशात घेऊन जावे. आमच्याकडे बायका साडी घेऊन मॅचिंगला येतात, नुसता रंग सांगत नाहीत. तसेच इथे करावे. गोटी नटावर बसवून हलवून पाहावी. किंचित हालचाल असणारच, पण ती खडखडली तर परत द्यावी.

दुसरी गोष्ट, गोटी सहा कोनी घ्यावी. बारा कोनी गोटी नटावर पटकन बसते म्हणून मिस्त्री लोक अडचणीच्या जागी वापरतात, आणि त्यांच्या हाताला अंदाज असतो. घरी काम करणाऱ्याने सहा कोनीच घ्यावी. ती नटाच्या सहाही सपाट बाजूंना धरते आणि गंजलेला, थोडा झिजलेला नटही सोलत नाही.

तिसरी गोष्ट, गोटीची भिंत चारी बाजूंनी सारख्या जाडीची आहे का आणि खाचा मधोमध आहे का ते उजेडात धरून पाहावे. आकडा ठसठशीत कोरलेला असावा, स्टिकर किंवा रंगाने छापलेला नसावा. चांगल्या गोट्या क्रोम व्हॅनेडियम पोलादाच्या असतात आणि तसे त्यांच्यावर लिहिलेले असते. पण नुसते लिहिलेले पाहून विश्वास ठेवू नये. लिहायला काय, आमच्याही धंद्यात काठावर काहीही छापून येते.

चौथी गोष्ट, रॅचेट. आत दात असतात. २४ दातांच्या रॅचेटला प्रत्येक पकडीसाठी १५ अंश फिरावे लागते, ७२ दातांच्या रॅचेटला ५ अंश. इंजिनच्या चिंचोळ्या जागेत हा फरक कळतो. पण रॅचेट हे जाम नट उघडण्याचे हत्यार नव्हे. त्यासाठी सरळ लांब दांडा घ्यावा. रॅचेटला नळी लावून जोर केला की दात तुटतात आणि हात बोनेटवर आपटतो.

पाचवी गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. दुकानदाराला विचारावे, "याच कंपनीची सुटी गोटी मिळते का?" १० ची गोटी हरवतेच. ती कुठे जाते हे उस्तादांनाही माहीत नाही. सुटी मिळत नसेल तर एक गोटी हरवली की पेटी अधू झाली. जी कंपनी सुट्या गोट्या विकते ती आपल्या मालाची जबाबदारी घेते, असा आमचा व्यापारी हिशेब आहे. आपल्याच महाराष्ट्रात नाशिकला टपारियाचा कारखाना आहे, पंजाबात जालंधरला हातहत्यारांचा मोठा उद्योग आहे. चांगला देशी माल मिळतो. त्यासाठी विलायती नाव शोधण्याची गरज नाही.

किती घ्यावे

आमची यादी अशी. अर्धा इंच म्हणजे ४ सूत खाच्याच्या सहा कोनी गोट्या : १०, १२, १३, १४, १६, १७, १९ आणि २१. मारुती-ह्युंदाईवाल्याने १३ आणि १६ नंतर घेतल्या तरी चालतील, टाटा-महिंद्रावाल्याने १२ आणि १४ नंतर घ्याव्यात आणि १८ आठवणीने घ्यावी. एक रॅचेट, एक लांब दांडा, एक आखूड आणि एक लांब एक्स्टेन्शन. आपल्या गाडीच्या प्लगची एक लांब गोटी. पैसे उरले तर ३ सूत खाच्याचा छोटा संच : ८, १०, १२, १३, १४. त्याने बॅटरी, एअर फिल्टर, लहान पट्ट्या ही कामे हलक्या हाताने होतात. जोडीला १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७ असे चार साधे दुतोंडी पाने.

२४, २७, ३०, ३२ अशा मोठ्या गोट्या पेटीत असतील तर त्या ट्रॅक्टर आणि जड गाड्यांच्या कामाच्या. ज्याच्या शेतात ट्रॅक्टर आहे त्याने जरूर घ्याव्यात. ज्याच्या दारात फक्त छोटी मोटार आहे त्याने त्यांचे पैसे वाचवून एक चांगला टॉर्क पाना घ्यावा.

टॉर्क पाना म्हणजे किती जोराने आवळले ते दाखवणारा पाना. छोट्या मोटारीच्या चाकाचे नट साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटरने आवळायचे असतात. आपल्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेत दिलेला असतो, तोच धरावा. १०० न्यूटन मीटर म्हणजे अर्धा मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला सुमारे २० किलो वजन लटकवल्याइतका जोर. त्यावर उभे राहून उड्या मारण्याची गरज नसते, आणि दोन बोटांनीही भागत नाही.

काय करावे आणि काय करू नये

चांगली पेटी आली म्हणजे आपण मिस्त्री झालो असे नाही. बॅटरीचे टर्मिनल साफ करून आवळणे, एअर फिल्टर बदलणे, इंजिन थंड असताना प्लग काढून पाहणे, स्टेपनी चढवणे, नंबरप्लेट आणि मडगार्डचे बोल्ट आवळणे, एवढे घरी करावे. प्लग परत बसवताना पहिले आटे हातानेच फिरवावेत. आजच्या इंजिनांचे हेड अॅल्युमिनियमचे असते. वाकडा प्लग पान्याने रेटला तर आटे जातात आणि पेटीच्या दहापट खर्च येतो.

चाकाचे नट समोरासमोर, एकाआड एक आवळावेत. नटाला तेल लावू नये. गाडी जॅकवरून खाली घेतल्यावर शेवटचा जोर द्यावा आणि ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा तपासावे. आम्ही हे तपासले असते तर गंगाखेडला जाण्याआधीच सगळे कळले असते. गोटी वाईट होती हे खरे, पण आळस आमचाच होता.

आपल्याकडची जमीन काळी आहे. पावसाळ्यात तर सोडाच, एरवीही या मातीत जॅक एका बाजूला खचतो. त्याच्याखाली जाड लाकडी फळी घालावी, हँडब्रेक ओढावा, समोरच्या चाकाला दगड लावावा. आणि फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, कधीही जाऊ नये. एक मिनिटासाठीही नाही. ब्रेक, स्टिअरिंग, खालचे सस्पेन्शन ही कामे उस्तादांची, ती त्यांच्याकडेच न्यावीत. इलेक्ट्रिक आणि हायब्रीड गाड्यांतल्या नारिंगी वायरला तर हातही लावू नये.

हवेवर किंवा बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन ज्यांच्याकडे आहे त्यांनी तिला चकचकीत गोटी लावू नये. ती तडकून उडू शकते. गनसाठी काळ्या, जाड भिंतीच्या वेगळ्या गोट्या मिळतात.

दुकानदार बांधवांना दोन शब्द

हार्डवेअर आणि स्पेअरपार्टचे दुकान असलेले पुष्कळ बांधव हे पान वाचतात. त्यांना आमची नम्र विनंती आहे. सुट्या गोट्या ठेवा. नफा कमी वाटेल, पण जो माणूस १० ची गोटी तुमच्याकडे सुटी घेऊन गेला तो पुढची पेटी दुसरीकडे घेणार नाही. गिऱ्हाइकाला आधी विचारा, गाडी कोणती? एवढ्या एका प्रश्नाने निम्म्या चुका टळतात. पक्के बिल द्या. आणि हलका माल ठेवायचाच असेल तर ठेवा, गरिबालाही घ्यावे लागते, पण हलका म्हणून विका. "हा चाकासाठी नको, सायकल आणि घरातल्या कामाला घ्या" असे म्हणणाऱ्या दुकानदाराची रोजी कमी होत नाही. त्यात बरकतच होते.

आम्ही आमच्यापुरते एक केले. दुकानातला लोखंडी मीटर वर्षानुवर्षे काउंटरवर घासून टोकाला झिजला होता. झीज दोन-तीन मिलिमीटरची होती, कोणाच्या लक्षातही येत नव्हती. तो काढून टाकला आणि वैधमापन विभागाचा शिक्का असलेला नवा घेतला. २००९ चा कायदा तेच सांगतो, पण आम्हाला आठवण करून दिली ती एका गोल झालेल्या नटाने.

हत्यार हेच भांडवल

शेवटी एक गोष्ट समाजाच्या जाणत्या मंडळींसाठी. आपली कितीतरी मुले दहावी-बारावीनंतर गॅरेजमध्ये हाताखाली राहतात किंवा आयटीआयमधून मोटार मेकॅनिक होऊन बाहेर पडतात. त्यांच्या हाताला काम येते, पण स्वतःची हत्यारे नसतात. मग वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या पान्यावर काम करावे लागते. कापड दुकानाला माल भरायला लाखो रुपये लागतात, मिस्त्रीला सुरुवात करायला एक नेमकी, चांगली पेटी पुरते. मशीद कमिट्यांनी, पतसंस्थांनी आणि ज्यांना अल्लाहने दिले आहे त्यांनी अशा मुलांना कर्जे हसनाच्या स्वरूपात हत्यारे द्यावीत. जो मुलगा हकदार असेल त्याला जकातीतून हत्यारे मालकीची करून देता येतील का, हे आपापल्या आलिमांना विचारावे. मात्र देताना शंभर नगांची चकचकीत पेटी देऊन फोटो काढू नये. उस्तादांना बरोबर न्यावे आणि वीस नगच, पण खरे द्यावेत.

त्या रात्रीच्या पंक्चरवाल्याने आमचे चारही नट बदलले, स्वतःच्या जुन्या, काळपट पण घट्ट गोटीने आवळले आणि फक्त नटांचे व मेहनतीचे पैसे घेतले. त्याच्या डब्यात मोजून दहा-बारा गोट्या होत्या. आमच्या पेटीत शंभर होत्या. घरी सुखरूप पोहोचलो ते त्याच्या दहांमुळे.